पंधरा वर्षं ठेवायची गाडी: पेट्रोल, सीएनजी की हायब्रिड? (वापर: खानापूर-बेळगाव रोज, अधूनमधून चोर्ला)

खानापूरकर
नमस्कार मंडळी,
आमची २०११ ची छोटी पेट्रोल गाडी येत्या जूनमध्ये पंधरा वर्षांची होतेय. इंजिन अजून एका सेल्फात उठतं, पण तळाचा पत्रा गंजलाय, एसी नुसता आवाज करतो आणि एअरबॅग औषधालाही नाही. नवी घ्यायची ठरलंय.

वापर असा: रोज खानापूर ते बेळगाव, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. सौ.ना टिळकवाडीत सोडायचं, मी पुढे कॅम्पात. वडिलांना अधूनमधून कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. बहीण म्हापशाला, त्यामुळे गणपतीत आणि मे महिन्यात चोर्ला घाट ठरलेला. सगळं धरून महिन्याला दीड हजार किलोमीटर.

बजेट सगळं मिळून रस्त्यावर दहा लाख, ओढूनताणून अकरा. दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांतले आम्ही नव्हे, घेतली की आरसी संपेपर्यंत. मायलेज हवंच. पण दहाव्या वर्षीही खानापुरातल्या मिस्त्रीला ती उघडता यायला हवी, हे जास्त महत्त्वाचं. शोरूमवाले आपापलं घोडं दामटतात, म्हणून इथे विचारतोय. पेट्रोल, सीएनजी की हायब्रिड? आणि ऑटोमॅटिक घ्यावी का? सौ. सुद्धा चालवणार आहेत.

कुंदा_प्रेमी
आधी हे सांगा, गाडी आल्यावर पेढे की कुंदा? सल्ल्याचा दर्जा त्यावर ठरेल.

खानापूरकर
कुंदाच. सल्ला चालू करा.

उद्यमबागचा_बाळू
साहेब, वडिलांचं गॅरेज होतं, मी आता मशीन शॉपला आहे, क्रँकशाफ्टचं काम. दोन्हीकडची बाजू बघितलेला माणूस म्हणून सांगतो. महिन्याला दीड हजार म्हणजे वर्षाला अठरा हजार. पंधरा वर्षांत झाले की पावणेतीन लाख किलोमीटर. एवढं चालवायचं असेल तर गाडीत जे नाही ते बिघडत नाही, हे धरून चला. टर्बो नको, ड्युअल क्लच नको, छताला काच नको. साधं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, हातानं टाकायचे. बस की.

मारुतीचं चार सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन बलेनोत आहे, तीच गाडी टोयोटा ग्लान्झा म्हणून विकते. टायमिंग चेन आहे, बेल्टची कटकट नाही. बेळगावातला कुठलाही मिस्त्री डोळे झाकून उघडतो. स्विफ्ट आणि डिझायरमध्ये २०२४ पासून तीन सिलिंडरचं नवं इंजिन आलंय. मायलेज जास्त देतंय, कागदावर २४ च्या पुढे, पण थांबलेल्या गाडीत थरथर जाणवती. वाईट नव्हे. पण मला विचाराल तर चार सिलिंडर.

गणिताचा_तास
निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे फळा घेऊनच आलोय.

वर्षाला १८,००० किलोमीटर. पेट्रोल १०३ रुपये धरू. कंपनीचे आकडे चाचणीतले असतात, प्रत्यक्षात साधी पेट्रोल गाडी १८ देईल असं समजू. म्हणजे वर्षाला १,००० लिटर, एक लाख तीन हजार रुपये. स्ट्राँग हायब्रिडने (पेट्रोल इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर) २४ दिलं तर ७५० लिटर, म्हणजे सत्त्याहत्तर हजार. वर्षाला वाचले सव्वीस हजार. पंधरा वर्षांत पावणेचार-चार लाख.

आता दुसरी बाजू. आज चांगली हायब्रिड एक्स-शोरूमच पंधरा लाखांच्या वर. कर्नाटकात दहा लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १७ टक्के, त्या करावर पुन्हा ११ टक्के उपकर. विमा धरून गाडी वीसच्या घरात जाते. तुमच्या बजेटपेक्षा नऊ-दहा लाख जादा घालून चार लाख वाचवायचे. हे गणित मी सातवीच्या मुलालाही चुकू दिलं नसतं.

सीएनजी किलोला ९० धरा आणि २६ किलोमीटर. ६९० किलोच्या आसपास, बासष्ट हजार. वर्षाला चाळीस हजार वाचले. सीएनजी मॉडेलला साधारण लाखभर जास्त पडतात. अडीच वर्षांत वसूल. कागदावर सीएनजीच जिंकते.

चोर्ला_चालक
कागदावर घाट नसतो सर. सीएनजीवर डिझायरची ताकद ८१ अश्वशक्तीवरून ६९ वर येते. पाच माणसं, गणपतीचं सामान, एसी चालू आणि समोर खडीचा ट्रक. ओव्हरटेक करताना देव आठवतो. आणि सामान ठेवायचं कुठे? डिकीत टाकी बसलेली.

गणिताचा_तास
घाटापुरतं पेट्रोलचं बटण दाबावं. त्यासाठीच दिलंय. वर्षातून चार वेळा घाट चढायचा म्हणून रोजचे पन्नास किलोमीटर महाग करून घ्यायचे का?

चोर्ला_चालक
बटण दाबलं तरी टाकी डिकीतच राहते की सर.

डिझेल_अथणी
सगळे पेट्रोल पेट्रोल काय लावलंय. माझी जुनी डिझेल स्विफ्ट, फियाटचं १.३ मल्टिजेट. दोन लाखांच्या पुढे कधीच गेली, हायवेला अजून २२ देते. अथणी ते बेळगाव, अथणी ते पुणे, ऊस, खत, पावणे, सगळं वाहिलंय. असं इंजिन पुन्हा होणे नाही.

उद्यमबागचा_बाळू
@डिझेल_अथणी, होणे नाहीच, कारण मारुतीनं एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले तेव्हा डिझेलच बंद केलं. तुमचं इंजिन सोनं होतं, मान्य. पण आजच्या डिझेलला सायलेन्सरमध्ये काजळी अडवायची जाळी असते, डीपीएफ. ती स्वच्छ व्हायला गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगानं पळायला लागती. खानापूर-बेळगाव रस्त्यावर होईल ते. पण घरातली गाडी बाजारात, शाळेत, पोस्टात दोन-दोन किलोमीटर फिरवली की जाळी चोंदते, दिवा पेटतो आणि मग खर्च बघा. ह्यांचा वापर मिसळीचा आहे.

कुंदा_प्रेमी
मिसळ म्हटलं की कोल्हापूर आठवलं. चालू द्या.

अनगोळची_सून
मी माहेरची कोल्हापूरची, लग्नानंतर बेळगावात गाडी शिकले. ऑटोमॅटिकबद्दल मीच सांगते, कारण वर सगळ्या पुरुषमंडळींनी ‘पाच गिअर हातानं’ म्हणून विषय संपवलाय.

माझ्याकडे एएमटी आहे, म्हणजे गिअरबॉक्स साधाच पण क्लच-गिअर गाडी स्वतः टाकते. सहावं वर्ष. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला रेल्वे येते तेव्हा दोन्ही बाजूंनी दुचाकी, रिक्षा, भाजीच्या गाड्या एकमेकांत घुसून बसतात. गेट उघडलं की इंच-इंच सरकायचं. तिथे क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा गेला होता. एएमटी घेतल्यापासून सुटले. मायलेजही मॅन्युअलइतकंच, कंपनीच्या आकड्यात तर काही मॉडेलना जास्तच असतं.

दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून उभी करायची नाही. आत क्लच साधाच असतो, तो घासतो. सरळ ब्रेक दाबायचा. आणि घाटात मॅन्युअल मोडला टाकून दुसरा-तिसरा गिअर आपण पकडायचा, नाहीतर गाडी नको तिथे गिअर बदलते. हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर मागे न जाऊ देणारी सोय) असलेलीच घ्या. खानापूरकर, वहिनी रोज चालवणार असतील तर त्यांना विचारा, इथे कशाला विचारताय?

खानापूरकर
त्यांना विचारलंच आहे ताई. उत्तर आलं, ‘तुम्ही सगळे ठरवा, मग मी काय ते सांगते.’

अनगोळची_सून
म्हणजे ठरलंय. तुम्हाला अजून कळवलेलं नाही इतकंच.

उद्यमबागचा_बाळू
ताई बरोबर बोलल्या, पण पंधरा वर्षांचा हिशोब वेगळा. एएमटीला क्लच ओढायला वेगळी यंत्रणा असते. ती आठव्या-दहाव्या वर्षी गेली तर बिल मॅन्युअलच्या क्लचप्लेटच्या कितीतरी पट. माझं मत बदलत नाही. पण गुडघ्याचं बिल कुणी धरलेलं नाही, तेही खरं.

निपाणीकर
धागा वाचून मजा आली. आम्ही हद्दीवर. कोल्हापूरचे पावणे परत जाताना आमच्याकडच्या पंपावर टाकी फुल्ल करूनच कोगनोळी ओलांडतात, इकडे पेट्रोल तिकडच्यापेक्षा स्वस्त म्हणून. आता चहालाही त्याच वेळेत येतात.

पण मुख्य मुद्दा राहिलाय: उंदीर. खानापूरला घराभोवती झाडी असणार. नव्या गाड्यांत वायरिंग इतकं की एका रात्रीत उंदरानं दोन वायरी खाल्ल्या तरी गाडी जागची हलत नाही, आणि हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, बिल बघून माणूस हलत नाही. आमच्याकडे एकच उपाय, निपाणीची तंबाखू. पानाची जुडी कापडात बांधून बॉनेटमध्ये बॅटरीजवळ ठेवायची. गरम पाइपाला लागू द्यायची नाही.

चोर्ला_चालक
मी ठेवली होती. एसीची हवा ओढायची जागा बॉनेटच्या मागे, काचेखाली असते हे लक्षात घ्या. एसी लावला की गाडीभर तंबाखूचा वास. सासूबाईंनी आठवडाभर माझ्याकडे संशयानं बघितलं.

निपाणीकर
उंदीर आले का पण?

चोर्ला_चालक
नाही. सासूबाईही नाहीत.

ऊस_उत्पादक
पेट्रोलवरून आठवलं. ई-२० बद्दल कुणीच बोललं नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतंय. मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ केलं. आपल्या जिल्ह्यात कारखाने किती आणि त्यांच्या डिस्टिलरी किती, सांगायला नको. म्हणजे आपलाच ऊस आपल्याच टाकीत. शेतकरी म्हणून मी खूश, गाडीवाला म्हणून रडतोय.

गणिताचा_तास
लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून मायलेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय: ई-१० वर जुळवलेल्या जुन्या चारचाकीत सहा-सात टक्के, ई-२० साठी जुळवलेल्या गाडीत एक-दोन टक्के घट. खानापूरकरांना नवी घ्यायची आहे, एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर आणि पाइप ई-२० ला चालतील असे असतात. चिंता जुन्या गाडीवाल्यांना.

ऊस_उत्पादक
सर, शोरूमवाला म्हणतो घट नाही, पंपवाला म्हणतो इथेनॉल कुठंय, आणि टाकी मात्र गुरुवारीच संपते. पूर्वी शनिवारपर्यंत जायची.

डिझेल_अथणी
डिझेल घ्या म्हणालो तर ऐकत नाही.

चंदगडी_बाणा
एक व्यावहारिक सूचना. खानापूरकर, तुमचे कुणी पावणे चंदगड, गडहिंग्लज भागात आहेत का? एमएच-०९ ला, म्हणजे कोल्हापूरला, पासिंग करा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर. तुमच्याकडे पाच ते दहा लाखांना १४ आणि वर उपकर. नऊ लाखांच्या गाडीला चाळीस हजारांचा फरक पडतो. नाहीतर गोव्याचाही दर विचारून बघा, बहीण म्हापशाला आहेच म्हणता.

गणिताचा_तास
आकडा बरोबर, सल्ला चुकीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. मग एनओसी आणा, इथला कर भरा, तिथला परतावा मागत फिरा. रोज खानापूर-बेळगाव फिरणारी गाडी पंधरा वर्षं पाहुणी म्हणून कशी दाखवणार? पंधरा वर्षांवर वाटले तर चाळीस हजार म्हणजे महिन्याला सव्वादोनशे रुपये.

चंदगडी_बाणा
सर, आमच्याकडच्या निम्म्या गाड्या बेळगावच्या बाजारात उभ्या असतात, कोण विचारतंय. आणि खरं सांगायचं तर बेळगावात एमएच नंबर दिसला की मनाला बरं...

व्यवस्थापक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे आणि तो पुरेसा लांब झालाय. इथे गाडीवर बोला.

कुंदा_प्रेमी
केए-२२ असो की एमएच-०९, खड्डा दोघांनाही सारखाच वागवतो.

पणजी_रिटर्न
नोकरीमुळे आठ वर्षं पणजी-बेळगाव केलंय, अनमोड आणि चोर्ला दोन्हीकडून. सध्या माझ्याकडे टोयोटाची ह्यायरायडर हायब्रिड आहे, म्हणून त्या बाजूनंही कुणीतरी बोलावं.

@गणिताचा_तास, तुमचं गणित पैशापुरतं चूक नाही. पण शहरात अडकून उभं राहिलं की इंजिन बंद, गाडी बॅटरीवर सरकते. घाट उतरताना ‘बी’ मोडला टाकलं की गाडी स्वतःला धरून ठेवते, बॅटरी भरते आणि ब्रेक तापत नाहीत. दिवसभर चालवून घरी आल्यावर माणूस दमत नाही. बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे. खानापूरकरांच्या वापरानं आठ वर्षांत १,४४,००० होतात, म्हणजे हमी आठव्या वर्षीच संपेल. त्यांना पुढची सात वर्षं काढायची आहेत. म्हणून माझी गाडी मला आवडत असूनही त्यांना मी ती सुचवणार नाही. बजेटमध्ये तर नाहीच.

खरा शत्रू वेगळाच. @खानापूरकर, तुमच्या आताच्या गाडीचं इंजिन गेलेलं नाही, पत्रा गेलाय. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस आणि गोव्याची खारी हवा, दोन्ही तुमच्या वाट्याला. नवी गाडी पंधरा वर्षं काढायची तर पत्र्याकडे बघा. पावसाळा संपला की एकदा लिफ्टवर चढवून खालून साध्या पाण्यानं धुवा. चाकांच्या वरच्या कोनाड्यात तांबडी माती थापून बसते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते. बोट घालून बघा, लगदाच निघतो. आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, त्यात पालापाचोळा अडकतो. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की समजायचं. खराट्याची काडी घालून मोकळी करायची. ह्याला पैसे लागत नाहीत, फक्त वाकावं लागतं.

उद्यमबागचा_बाळू
ह्या प्रतिसादाला माझ्याकडून कुंदा. काडीची गोष्ट शंभर टक्के. वडील हेच करायचे.

खानापूरकर
@पणजी_रिटर्न, आत्ता वाचता वाचता अंगणात जाऊन दार हलवून आलो. डुचमळलं.

पुण्यात_अडकलेला
मूळचा हुक्केरीचा, पुण्यात आयटीत. २०२६ साल आहे मंडळी, इलेक्ट्रिकचा उल्लेखच नाही? रोज पन्नास किलोमीटर म्हणजे इलेक्ट्रिकसाठी आदर्श वापर. रात्री घरी चार्जिंग, इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, सीएनजीची रांग नाही. खर्च पेट्रोलच्या पाव भागात.

खानापूरकर
विचार केला होता. पावसाळ्यात आमच्याकडे झाड पडून वीज गेली की रात्र-रात्र येत नाही. सकाळी सातला निघायचं असतं. आणि बहिणीकडे पोचल्यावर परतीचं चार्जिंग कुठे करायचं याचा शोध वडिलांना गाडीत बसवून करायचा नाही मला.

पुण्यात_अडकलेला
वीज गेली तर आदल्या रात्रीचं चार्जिंग पुरतं की, रोज भरायची गरजच नसते. म्हापशाला साधा १५ अँपिअरचा सॉकेट असेल तरी रात्रीत भागतं. पण सात-आठ वर्षांनी बॅटरीचं काय, याचं ठाम उत्तर माझ्याकडेही नाही. पंधरा वर्षांची अट नसती तर मी भांडलो असतो.

कडोलीचा_बटाटा
सगळे नवी नवी करताय. जुनी का विकताय? पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी मरत नाही. दहा वर्षांत डिझेल आणि पंधरात पेट्रोल बंद हे दिल्लीचं, आपल्याकडे नाही. फिटनेस तपासणी करा, फी भरा, पाच वर्षं वाढवून मिळतात. एप्रिल २०२२ पासून फी ६०० वरून ५,००० झालीय, एवढंच. पत्र्याला आणि एसीला साठ-सत्तर हजार घाला आणि चालवा. दहा लाख बँकेत ठेवा. सगळ्यात जास्त मायलेज न घेतलेल्या गाडीचं.

अनगोळची_सून
@कडोलीचा_बटाटा दादा, त्या गाडीत एअरबॅग एकही नाही. वडील, बायको, आणि चोर्ला घाट. दहा लाखांचं व्याज त्यापेक्षा जास्त आहे का?

कडोलीचा_बटाटा
नाही. ह्या मुद्द्याला उत्तर नाही. पण माझी चालू आहे हो, २००४ ची.

अनगोळची_सून
आणि सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर, मायलेज बघताना क्रॅश टेस्टचे ताऱ्यांचे निकालही बघा. जुन्या स्विफ्टला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेनं एकच तारा दिला होता. २०२४ च्या नव्या डिझायरला पाच मिळाले. टाटा पंचला २०२१ मध्येच पाच मिळाले होते. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत एवढा फरक पडतो, म्हणून कंपनीचं नाव न बघता मॉडेलचा निकाल बघायचा.

चोर्ला_चालक
पंचची जमिनीपासून उंची १८७ मिलिमीटर, बलेनोची १७०, डिझायरची १६३. जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात हा फरक पोटाखाली ऐकू येतो. काकांना बसायलाही उंच सीट सोपी. सेडानमध्ये गुडघेदुखीवाला माणूस आत पडतो आणि बाहेर काढावा लागतो.

उद्यमबागचा_बाळू
अजून एक. पंधरा वर्षांनी कंपनी देशात असेल का ते बघा. शेवरलेनं २०१७ ला भारतात विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ ला कारखाने बंद करायचं जाहीर केलं, फियाट गेली. गाड्या वाईट होत्या असं कोण म्हणतंय? माझ्या मेव्हण्याकडे अशाच एका गेलेल्या कंपनीची गाडी आहे, कुठली ते विचारू नका. चालायला झकास. पण एका बाजूचा आरसा रिक्षावाल्यानं उडवला तर नवा मिळायला मुंबईपर्यंत फोनाफोनी, शेवटी भंगारातला मिळाला, तोही दुसऱ्या रंगाचा. पांढऱ्या गाडीला लाल कान.

म्हणून मारुती, टोयोटा, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा यांच्या बाहेर पंधरा वर्षांसाठी मी तरी जाणार नाही. होंडाची १.२ अमेझ पण इंजिनला चांगली, पण खानापुरात कोण उघडणार?

डिझेल_अथणी
बोला, मल्टिजेट फियाटचं. कंपनी गेली, इंजिन राहिलं.

उद्यमबागचा_बाळू
ते मारुतीत होतं म्हणून राहिलं की आण्णा!

गणिताचा_तास
मूळ प्रश्नाकडे यावं असं सुचवतो. ताकद, तारे, पत्रा, उंदीर, सगळं झालं. खानापूरकर, बेळगाव-खानापूर रस्त्यावर सीएनजीचा पंप तुमच्या वाटेवर आहे का आणि संध्याकाळी रांग किती असते, हे स्वतः उभं राहून बघा. पंप वाटेवर असेल तर सीएनजी, वाट वाकडी करावी लागत असेल तर पेट्रोल. रोज वीस मिनिटं रांगेत घालवून चाळीस हजार वाचवणं माझ्यासारख्या निवृत्ताला परवडतं, तुम्हाला नाही. सीएनजी घेतलीत तर दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) असते, तीही लक्षात ठेवा.

खानापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सीएनजी पंपावर काल संध्याकाळी जाऊन उभा राहिलो. रिक्षा आणि टॅक्सींची रांग रस्त्यापर्यंत. माझ्या दोन गाड्या पुढे असलेला रिक्षावाला म्हणाला, ‘साहेब, प्रेशर कमी आहे, अर्धीच भरणार.’ सीएनजी बाद.

हायब्रिड बजेटमुळे बाद, डिझेल वापरामुळे. (डिझेल_अथणी, रागावू नका.) राहिल्या दोन: बलेनो/ग्लान्झा आणि पंच. दोन्ही पेट्रोल. वडिलांना दोन्हींत बसवून आणलं. बलेनोत बसताना त्यांनी दाराला धरलं, पंचमध्ये नाही धरलं. सौ.नी दोन्ही चालवल्या आणि बलेनोचं इंजिन शांत आहे म्हणाल्या. एएमटी की मॅन्युअल यावर घरात मतदान झालं, एक विरुद्ध एक. वडील तटस्थ.

अनगोळची_सून
रोज कोण किती चालवणार त्या प्रमाणात मतं द्या.

खानापूरकर
मग मी हरलो. एएमटी.

उद्यमबागचा_बाळू
घ्या की. वाढीव वॉरंटी जेवढी मिळते तेवढी घ्या, शोरूमचं रंगाचं कोटिंग वगैरे नको. मात्र खालून गंजरोधक मारून घ्या, तुमच्या भागाला ते लागतंच. आणि पहिल्या दिवसापासून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाणी किती ते माहीतच आहे.

पणजी_रिटर्न
पैसे पूर्ण भरायच्या आधी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. चॅसी नंबरवरून उत्पादनाचा महिना काढून घ्या, टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. पाचही टायरचे बघा. डिसेंबरची गाडी मार्चमध्ये ‘नवीन’ म्हणून देतात आणि विकताना साल आडवं येतं. तुम्ही विकणार नाही, पण सूट मागायला कारण होतं. विमा बाहेरून विचारून मगच शोरूमचा घ्या, दोन्ही दर समोरासमोर ठेवले की शोरूमचा आकडा आपोआप खाली येतो.

निपाणीकर
तंबाखू पाठवू का?

खानापूरकर
पाठवा. एसीची हवा ओढायच्या जागेपासून लांब ठेवतो. बुकिंगला शनिवारी जातोय, बलेनो एएमटी की पंच एएमटी ते तिथेच ठरेल. सौ. म्हणतात, ‘मी सांगते.’

कुंदा_प्रेमी
एक किलो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.